पेटीत ठेवलेली शाल

वसईत थंडी पडली म्हणजे लोक पंखा पाचावरून दोनवर आणतात. माझं माहेर घाटावरचं, तिथे पौषात सकाळी पाण्यात हात घालवत नाही. त्यामुळे लग्न होऊन गोखिवऱ्याला आले तेव्हा लोकरीचे कपडे ट्रंकेत गेले ते गेलेच. पन्नाशीला आल्यावर, तेही भर मे महिन्यात, मांडीवर लोकर घेऊन घामाघूम होत मी क्रोशाची शाल विणत बसेन असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण माझ्या मैत्रिणीला थंडी वाजत होती.

आम्ही दोघी वालीवला एका छोट्या कारखान्यात कामाला होतो. तिथे बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनायची आणि आमचं काम ती तपासायचं. टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये झाकणांचा ढीग. ती राजोडीची. गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातली, लग्न न केलेली, म्हाताऱ्या आईबरोबर राहणारी. घरात ती त्यांची बोली बोलायची, माझ्याशी शाळेतली मराठी, आणि सुपरवायझरशी भांडायची वेळ आली की हिंदी.

क्रोशा मला तिनेच शिकवला, जेवणाच्या सुट्टीत. ती स्वतः पांढऱ्या बारीक दोऱ्याने चर्चच्या वेदीवरच्या कापडाला झालर विणायची. मळू नये म्हणून ते काम एका स्वच्छ पिशवीत असायचं, आणि डबा खाऊन दोनदा हात धुतल्याशिवाय ती पिशवी उघडायची नाही. मला तिने साध्या साखळीपासून सुरू केलं. मी एकदा बाजारातून रंग बदलत जाणारी लोकर आणली, दुकानदार तिला शेडेड म्हणतो. एकाच धाग्यात निळा हळूहळू हिरवा होतो, हिरवा पिवळा होतो. तिने तो गुंडा हातात घेऊन इकडून तिकडून पाहिला आणि परत दिला.

"ज्याला रंग निवडता येत नाही ना, त्याने ही घ्यावी," ती म्हणाली.

मग ती आजारी पडली. मुंबईच्या दवाखान्यात औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या, केस गेले, कामावर येणं थांबलं. मी रविवारी स्कूटी काढून पूल ओलांडून राजोडीला जायचे. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं असायचं आणि ती आतल्या खाटेवर दोन चादरी घेऊन कुडकुडत असायची. औषधाने हाडात थंडी शिरते, म्हणायची. पायांना मुंग्या यायच्या, त्यामुळे चालताना पाऊल चाचपून टाकायची, जणू अंधारात पायरी शोधतेय.

तिची आई बाहेर ओटीवर, लाकडी आरामखुर्चीत. बऱ्याच वर्षांपूर्वी त्या विहिरीपाशी घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. मी त्या घरी इतक्या वेळा गेले, पण आईंना मी कधी उभं पाहिलं नव्हतं. सकाळी लेक त्यांना धरून खुर्चीत बसवायची, संध्याकाळी धरून आत न्यायची. लेक आजारी पडल्यावर शेजारी राहणारी आईंची भाची ते करू लागली.

एका रविवारी मैत्रीण म्हणाली, "मला एक शाल विणून दे. माझ्या बोटांत आता सुई राहत नाही."

"कुठल्या रंगाची?"

"ती तुझी रंग बदलणारी लोकर आण."

"तुला आवडत नाही ती."

"आता मला निवडायचं काही नको," ती म्हणाली. "आपोआप येऊ दे. मी नुसती बघेन."

मी वसईच्या बाजारातून गुंडे आणले. मोरपंखी, मग राखाडी, मग विटकरी, मग गडद जांभळा, आणि पुन्हा मोरपंखी. मी घरी विणायचे आणि झालेलं काम रविवारी तिला दाखवायला न्यायचे. घामाने लोकर बोटाला चिकटायची, सुईवरून सरकायची नाही. नवरा म्हणायचा, "पंखा तरी लावून बस." पंखा लावला की धागा उडायचा. ती मात्र दर रविवारी उशीवरून मान वर करून बघायची आणि म्हणायची, "अजून राखाडीच? पुढच्या वेळी विटकरी यायला हवा." विटकरी आला की खूश. मला वाटतं त्या उन्हाळ्यात ती कशाची वाट बघत असेल तर त्या रंगांची.

एका गुंड्यात लोकरीच्या कारखान्यातूनच गाठ आलेली होती. मोरपंखी संपून राखाडी यायचा, तो आलाच नाही. गाठीच्या पलीकडे एकदम विटकरी. मी वैतागले. धागा तोडते, राखाडी शोधून जोडते म्हणाले.

"राहू दे," ती म्हणाली. "सगळं क्रमानेच आलं तर बघायला मजा काय?"

तो जोड तसाच राहिला. निळ्या-हिरव्याच्या कडेला विटकरी पट्टा असा काही उठून दिसायचा, की शालीला तिथे जखम झाल्यासारखं वाटायचं.

पावसाळ्यात शाल पूर्ण झाली. ती तिने पुढे सतत अंगावर ठेवली, झोपताना, खाताना, फादर घरी येऊन प्रार्थना करायचे तेव्हाही. पाऊस सरता सरता ती गेली.

मी पोहोचले तेव्हा तिला पेटीत ठेवलं होतं. पांढरा पोशाख, हातात रोझरीची माळ. शाल खाटेवर घडी करून कुणीतरी बाजूला ठेवलेली. तिच्या पायांना शेवटपर्यंत ऊब आली नव्हती हे मला माहीत होतं. मी भाचीला विचारलं, ही तिच्या पायावर घालू का? ती रडत होती, तिने मानेनेच हो म्हटलं. मी माझ्या हातांनी ती शाल तिच्या पायांवर पसरली, कडा आत खोचल्या. झाकण लावायच्या आधी घरच्यांनी जवळ यायचं असतं म्हणून मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. आतून रडण्याचा आवाज वाढला, मग हातोडीचा आवाज आला. पुढे मी सगळ्यांबरोबर चर्चपर्यंत चालत गेले, मिस्सा ऐकली, दफनभूमीत मूठभर माती टाकली. माती ओली होती, हाताला चिकटून राहिली.

टेबलापलीकडे कारखान्याने नवीन मुलगी बसवली. चांगली मुलगी. कानात इयरफोन घालून झाकणं तपासते.

नवीन वर्ष लागल्यावर पुण्याहून पुतण्या आला, बायको-मुलांना घेऊन. त्यांना समुद्र बघायचा होता. रविवारी पुढे गर्दी होते म्हणून आम्ही सकाळी लवकर त्याच्या गाडीने राजोडीला निघालो. त्या दिवशी खरोखरच गारठा होता. भाजीच्या वाड्यांवर धुकं टेकलेलं, सुरूची झाडं अर्धीच दिसत होती. मी पुढच्या सीटवर बसून वाट दाखवत होते. तिच्या घराची गल्ली मागे पडली, मी तिकडे पाहिलं नाही.

पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेने एक बाई समुद्राकडे चालली होती. आम्हाला तिची पाठ दिसत होती. डोक्यावरून शाल घेतलेली, उजवा खांदा जरा पुढे काढून, वाऱ्याला ढकलत चालल्यासारखी. पाऊल चाचपून टाकत. शालीवर मोरपंखी, राखाडी, विटकरी, जांभळा.

गाडी तिच्या बाजूने पुढे गेली. मी खिडकीतून बघू शकले असते. मी मान खाली घातली आणि माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिले.

"काकू, बरं वाटत नाही का?" पुतण्याने विचारलं.

"गाडी लागते मला कधीकधी," मी म्हणाले.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तशी लोकर दुकानात ढिगाने असते. कुणीतरी विणली असेल." हे बरोबर होतं. मी स्वतःलाही तेच सांगितलं. पण लोकर दुकानात मिळते, चाल दुकानात मिळत नाही. इतकी वर्षं मी तिला तसाच उजवा खांदा पुढे काढून कारखान्याच्या फाटकातून आत येताना पाहिलं होतं. गर्दीत पाठमोरी उभी असली तरी मला ओळखू यायची.

आणि त्याहून वाईट विचार होता तो मी नवऱ्यालाही सांगितला नाही. कुणी तिची जागा उकरली तर नसेल? गावात विचारायची सोय नव्हती. आईंना जाऊन काय विचारणार होते, तुमच्या लेकीच्या पेटीतली शाल मी रस्त्यावर पाहिली म्हणून?

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. आधी दफनभूमीत. तिच्या जागेवर झेंडूची वाळलेली फुलं होती, मेणबत्त्यांचं मेण ओघळून घट्ट झालेलं, कडेने बारीक गवत उगवलेलं. माती जागची हललेली नव्हती. याने मला बरं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. माती हलली नसेल, तर शाल वर कशी आली?

स्कूटी तिथेच ठेवून मी समुद्राच्या वाटेने चालू लागले. धुकं आजही होतं. आणि वळण घेतल्यावर ती पुढे होती.

मी अंतर ठेवून मागून चालले. हाक मारायची मला हिंमत झाली नाही, आणि परत फिरायचीही नाही. ती मध्येच थांबायची, तेव्हा मी थांबायचे. रस्ता उजेडाचा झाला तशी शाल स्पष्ट दिसू लागली. पाठीच्या मधोमध, मोरपंखीला लागून, राखाडी न येता एकदम विटकरी पट्टा.

आता दुकानाचं काही कारण उरलं नव्हतं. ती माझ्या हातची शाल होती. मी तिथूनच वळले आणि घरी येईपर्यंत स्कूटी कशी चालवली ते मला आठवत नाही.

तो आठवडा मी कामावर झाकणं तपासली ती डोळ्यांनी, मनाने नाही. नवीन मुलीने एकदा विचारलं, "ताई, कुणाला शोधताय?" मी म्हणे सारखी दाराकडे बघत होते. घरात विणकामाची पिशवी होती, ती मी उचलून माळ्यावर टाकली. एक गोष्ट मात्र मला स्वतःलाच कळेना. मी घाबरले होते, पण त्याचबरोबर रविवार कधी येतो याची वाटही बघत होते. तीच असेल तर ती दिसते आहे, चालते आहे, तिच्या अंगावर मी केलेली ऊब आहे. यात भ्यायचं ते काय?

त्या रविवारी मी सरळ वाटेवरच गेले. ती होती. मी मागून चालले, या वेळी जरा जवळून. सुरूच्या झाडांपाशी, जिथे डांबर संपून वाळू सुरू होते, तिथे ती थांबली. मीही थांबले. लाटांचा आवाज येत होता, आणि कुठल्यातरी हॉटेलाच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं. ती हळूहळू वळली.

आई होत्या.

ज्या बाईंना मी कधी उभं पाहिलं नव्हतं, त्या माझ्यासमोर उभ्या होत्या. शालीच्या आत काठी धरलेली, ती मागून दिसत नव्हती. उजवा खांदा पुढे. मी इतकी वर्षं जिला माझ्या मैत्रिणीची चाल समजत होते ती तिच्या आईची होती, आणि मला ते कळायला काही मार्गच नव्हता, कारण ही बाई कायम बसलेली असायची.

पण मला जे आठवतं ते त्यांच्या चेहऱ्यावरचं. त्या वळल्या तेव्हा चेहरा उजळलेला होता. मला पाहिलं आणि तो विझला.

"तू हायस होय, बाय," त्या म्हणाल्या.

मी जाऊन त्यांचा हात धरला. हात बर्फासारखा होता, मी तसाच माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"दोन आयतवार झाले," त्या म्हणाल्या, "कोनीतरी माझ्या मागनं येतंय. मी थांबले की थांबतंय. मला वाटलं..." त्या वाळूकडे बघत म्हणाल्या, "वळायला नको होतं मी."

आम्ही हळूहळू घरी आलो. भाची तिच्या घरी झोपलेली होती. मी चहा ठेवते म्हटलं तर त्यांनी मला ओटीवर बसवलं आणि भिंतीला हात लावत स्वतः आत गेल्या, कोरा चहा घेऊन आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत, पायरीवर माझ्या शेजारी बसल्या.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

त्यांनी शालीचं टोक उचलून दाखवलं. "झाकन लावायच्या येळेला मला खुर्चीसकट उचलून तिच्याजवळ नेली. म्हनाले, शेवटचा मुका घे. मी वाकले तर पायाशी ही हाताला लागली. ओढली नि लुगड्यात दाबली. कोनी बघितलं नाय. सगळे आपापले डोळे पुसत होते."

"मला सांगायचं ना."

"काय सांगनार? मेलेल्या लेकीच्या अंगावरचं काढून घेतलं म्हनून?" त्यांनी ते टोक नाकाशी नेलं. "तिचा वास होता ह्याला. माती तो खाऊन टाकनार होती. तिला आता थंडी कुठली, बाय. थंडी मला वाजते."

मी विचारलं, "आणि तुम्ही चालायला कधी लागलात?"

"चालता येत होतं मला," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हाड जुळलं होतं कधीच. तीच उठू द्यायची नाय. परत पडशील म्हनायची. मग मी पन बसले. मी बसलेली असले की ती कामावरनं सरळ घरी यायची." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "ती गेल्यावर एक दिवस सकाळी पानी हवं होतं. भाची आली नव्हती. उठले. पाय थरथरले, पन उभे राहिले. आनि मग मला इतका राग आला स्वतःचा, की मी तशीच दारातनं बाहेर पडले. ती रोज सकाळी जायची ना समुद्रावर, त्याच वाटेनं. तवापासून जाते. लोक उठायच्या आत येते परत."

त्यांनी शाल अंगाभोवती घट्ट केली. तिला आता मैत्रिणीचा वास नव्हता. म्हाताऱ्या माणसाच्या अंगाचा, चुलीच्या धुराचा आणि खाऱ्या हवेचा वास येत होता. मी ते बोलले नाही. त्यांनाही माहीत असणार.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे उलगडलं तर." उलगडलं, मी म्हणाले. आणि ते खरंच होतं. तरी त्या दुपारी मी भांडी लावता लावता थांबले आणि मला रडू कोसळलं. ती नव्हती हे कळल्याचं ते रडू होतं. तिला पुरलं तेव्हा मी इतकी रडले नव्हते.

भाचीला पुढे कळलंच. ती घाबरली, असं काढून घेतलेलं अंगावर घालू नये म्हणाली, आणि थेट फादरांकडे गेली. फादर म्हणाले, म्हाताऱ्या बाईला थंडीत शाल लागते, यात विचारायचं काय? त्यानंतर आई ती शाल उजेडातही घ्यायला लागल्या.

त्या थंडीत मी बहुतेक रविवारी जात राहिले. आम्ही शेजारी शेजारी चालायचो. त्या मला वाड्या दाखवायच्या, कुणाची कुठली, कुणी विकली, कुठे आता रिसॉर्ट झालं. लेकीबद्दल फार बोलायच्या नाहीत. मग एका सकाळी अंगणातून बाहेर पडतानाच म्हणाल्या, "बाय, आज तू मागनं येशील?"

मला लगेच समजलं. मी म्हटलं, "येते."

त्या पुढे गेल्या. त्यांना वळणापर्यंत जाऊ दिलं आणि मी निघाले. त्या थांबल्या की मी थांबले. चपलेचा आवाज त्यांना ऐकू जाईल इतकी जवळ, सावली दिसणार नाही इतकी लांब. आई वळल्या नाहीत. सुरूपर्यंत गेलो, समुद्राकडे तोंड करून त्या उभ्या राहिल्या, आणि परत यायच्या वेळी मी आधीच झाडांच्या आडोशाला झाले. त्या माझ्या जवळून पुढे गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही. ओठ हलत होते, कुणाशी तरी बोलावं तसे. मी पुन्हा मागे लागले.

आता त्या कधीकधी तसं सांगतात आणि मी तसं करते. नवऱ्याला हे पटत नाही. म्हाताऱ्या माणसाला फसवतेस, म्हणतो. पण त्यांना मागे कोण आहे ते माहीत आहे. त्यांना फक्त वळायचं नसतं.

गेल्या थंडीतल्या एका रविवारी मी अशीच मागून चालले होते. पुढे त्या, त्यांच्या पाठीवर ते रंग. वळणापाशी मला वाटलं की माझ्या मागेही कुणीतरी आहे. पाऊल चाचपून टाकत, डांबरावरून घासत येणारं. कुणी असेल, रविवारी राजोडीला माणसं येतातच. मी थांबले तर ते थांबलं. आई पुढे चालत राहिल्या. मला मान वळवायची होती, फार वळवायची होती, पण मी तशीच समोर बघत चालू लागले.

घरी आल्यावर आईंनी पायरीवर काठी टेकवली आणि म्हणाल्या, "आज गार होतं जास्त." मी हो म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.